मुकादमिणीच्या शिंगांचं समूळ निवारण

आमच्या वसाहतीच्या अध्यक्षांच्या पॅन्टला मागच्या बाजूने दोन भोकं पडली, तेव्हा मी दात घासत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर जिकडेतिकडे असं बोललं गेलं की मी दारात उभा राहून हसत होतो. मी हसत नव्हतो. तोंडात ब्रश असलेला माणूस हसतो आहे की हादरला आहे हे लांबून कळत नाही. मी हादरलो होतो. तोंडातला फेस गिळला गेला इतका हादरलो होतो.

झालं होतं असं. अध्यक्ष पाण्याचा सामाईक मीटर वाचायला वाकले होते. मीटर जमिनीलगत आहे आणि अध्यक्षांची नजर थोडी अधू आहे, त्यामुळे ते पुष्कळच वाकले होते. तेवढ्यात आमची शेळी दावं सोडवून मागच्या अंगणातून पुढे आली. शेळीच्या जगात समोरच्याने डोकं खाली घातलं की ते आव्हान समजतात म्हणे. समोर आलेली बाजू डोक्याची आहे की आणखी कसली, याचा तिने बारकाईने विचार केला नसावा. ती दोन पावलं मागे गेली, मान वाकवली आणि आली ती थेट. अध्यक्षांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्यांच्याकडून आजवर ऐकला नव्हता. एरवी ते फार भारदस्त बोलतात.

ही शेळी आत्याने दिलेली. आईच्या मोठ्या दुखण्यानंतर तिला दुसरं कुठलंच दूध पचेना, म्हणून. दूध पचलं ते पचलंच, पण खरी गंमत वेगळी होती. दुखण्यातून उठल्यावर आई गायची बंद झाली होती. जिच्या भजनाने आमचं घर जागं व्हायचं ती खिडकीशी बसून नुसती बाहेर बघायची. शेळी आली, आई धार काढायला बसली, आणि तिसऱ्या की चौथ्या पिळीला आपोआप गुणगुणू लागली. मी स्वयंपाकघरात कप धरून उभा होतो. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. देवाचे आभार मानायला शब्द लागतातच असं नाही.

मुकादमीण हे नाव आईनेच ठेवलं. कारण ती कपडे धुवायच्या दगडावर चढून उभी राहते आणि वसाहतीत कोण काम करतंय, कोण टिवल्याबावल्या करतंय, हे रवंथ करत बघते. तिची शिंगं सरळ वर गेलेली, काळी, तुकतुकीत, आणि टोकाला अशी अणकुचीदार की आईने एकदा तिच्या डाव्या शिंगाला लोकरीचा गुंडा लावून ठेवला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी अध्यक्षांच्या ओसरीवर तातडीची बैठक बसली. बसली म्हणजे आम्ही बसलो. अध्यक्ष उभे होते.

"मी फार बोलणार नाही," ते म्हणाले, आणि खरोखरच बोलले नाहीत, यावरूनच प्रकरण किती चिघळलंय ते माझ्या लक्षात आलं. "एक तर शिंगं जातील, नाही तर शेळी जाईल. पुढच्या मासिक बैठकीपर्यंत."

आता इथे मला माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगावे लागतील. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. नळ फुटला, पाणी गढूळ आलं, मीटर उलटा फिरला, अशा तक्रारींना उत्तरं देणं हे माझं काम. नळ दुरुस्त करणं हे माझं काम नाही, ते दुसऱ्या विभागाचं. मी फक्त उत्तर देतो. आणि माझं उत्तर ऐकून माणूस शांत होऊन घरी जातो, अशी माझी ख्याती आहे. साहेबांनी एकदा सर्वांसमक्ष म्हटलंय की यांच्या उत्तराने तहान भागते. तर सांगायचं म्हणजे, अध्यक्ष बोलायचे थांबले, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मी सवयीने उभा राहून सवयीने बोलून गेलो:

"झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करून मी सभेस आश्वस्त करू इच्छितो, की सदर शिंगांचे समूळ निवारण करण्यात येईल."

फार छान वाक्य झालं. पलीकडच्या काकूंनी मानही डोलावली. पण आमच्या वसाहतीला एक सचिव आहेत. ते सभेत कुणी खोकलं तरी लिहून घेतात.

"समूळ," ते लिहिता लिहिता म्हणाले. "म्हणजे मुळापासून ना?"

"मुळापासूनच!" मी हात पसरून म्हणालो.

इतक्या वर्षांत मी किती गोष्टींचं समूळ निवारण करायचं कबूल केलंय, त्याला गणती नाही. पण पुढे ते झालं का, हे बघायला कुणी येतं, ही कल्पनाच मला नव्हती.

घरी आलो तर आई दारातच. "काय ठरलं रे?"

"काही नाही गं, शिंगं काढायची."

"काढायची म्हणजे?"

"काढायची म्हणजे… काढायची. केस कापतो, नखं काढतो, तशी."

"नखं मुळापासून काढतोस तू?"

बायको आतून म्हणाली, "आई, त्यांना विचारू नका. त्यांना मटारची शेंग सोलायला दिली तर दाणे टाकून सालं ठेवतात."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाच्या आरंभी घरच्यांनी असं बोलायचं असतं. पण आईचा प्रश्न मनात कुठेतरी रुतून बसला.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांची रांग लागली. एखाद्याला ताप आला तर लोक दोन-तीन सल्ले देऊन थांबतात. शिंगं या विषयावर माणूस आयुष्यात कधी बोललेला नसतो, त्यामुळे त्याच्याकडे न वापरलेले पुष्कळ विचार साठलेले असतात. पलीकडच्या काकू म्हणाल्या, "काढायची कशाला मेली? चेंडू लावा टोकांना." मला हे एकदम पटलं. मी रबराचे दोन चेंडू आणले, त्यांना भोकं पाडली आणि मुकादमिणीच्या शिंगांवर घट्ट बसवले. दिसायला ती फार सौम्य दिसू लागली. अडचण एवढीच झाली की आतापर्यंत टक्कर मारली की शिंग रुतायचं आणि खेळ संपायचा. आता टक्कर मारली की चेंडू उसळून तिला छान मागे ढकलायचा, आणि ती त्याच झोकात दुसरी मारायची. तिला त्याची गोडीच लागली. दुपारपर्यंत तिने आमचा मागचा दरवाजा, कपड्यांची बादली आणि काकूंचं कुंपण यांना यथेच्छ बडवलं. चेंडू बघून वसाहतीतली सगळी पोरं अंगणात जमली. संध्याकाळी एक चेंडू तिने खाल्ला.

"खाल्ला?" मी किंचाळलोच.

"अर्धा," बायको म्हणाली. "अर्धा माझ्याकडे आहे. हवाय का तुम्हाला?"

काकूंचे यजमान शाळेत कवायत शिकवायचे. ते म्हणाले, "अहो, कानस घ्या कानस. रोज थोडं थोडं घासायचं. महिन्याभरात सपाट." कानस आमच्या घरी नव्हती. बायकोची नखं घासायची पट्टी होती. ती घेऊन मी मुकादमिणीच्या शेजारी बसलो आणि सकाळभर घासलं. आवाज मोठा गोड येत होता, कीर्तनात झांज नुसती घासत ठेवतात तसा. तिलाही बरं वाटलं असावं. तिने डोळे मिटून मान माझ्या मांडीवर ठेवली. उठलो तेव्हा शिंग होतं तेवढंच होतं, पट्टी मात्र संपली होती.

रोज मी कचेरीतून येताना अध्यक्ष फाटकाशी भेटत. "प्रगती?" ते विचारत. त्यांच्या आवाजात राग होता तसं काहीतरी दुखरंही होतं. एकदा ते म्हणाले, "तुम्हाला वाटतं मी एका शेळीच्या मागे लागलोय. अहो, परवा लग्नाला गेलो. खुर्ची दिली, आणि वर हळूच विचारतात, बसायला चालेल ना? आमचे व्याही विचारतात हो!" मला कसंसंच झालं. माणसाचा मान पॅन्टइतका सहज शिवून मिळत नाही. मी म्हणालो, "यथोचित कार्यवाही चालू आहे." त्यावर ते इतक्या विश्वासाने मान हलवून गेले की मलाच माझी लाज वाटली.

मग मी रजा टाकून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. मुकादमिणीला नेलं नव्हतं. म्हटलं आधी चौकशी करावी. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"शेळीची शिंगं काढायचीत."

"शेळी आजारी?"

"नाही, ठणठणीत."

"मग दवाखान्यात कशाला? शिंगं म्हटलं की मागच्या बाजूला जायचं. शेवटची शेड."

मी मागच्या बाजूला गेलो. शेडमध्ये कसला तरी उग्र वास होता आणि रबरी बूट घातलेला एक माणूस स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याने माझं म्हणणं मन लावून ऐकलं. शिंगांची लांबी हाताने दाखवायला सांगितली. मी दाखवली. तो खूश झाला.

"चांगला माल आहे," तो म्हणाला. "कातडीही देणार ना?"

"कातडी?"

"मेली कधी?"

"अहो, ती जिवंत आहे!"

"मग इतक्यात कशाला आलात?" तो अतिशय आपुलकीने म्हणाला. "घाई नाही. होईल तेव्हा आणा."

मी कसाबसा भिंतीला धरून बाहेर आलो. माझ्या डोळ्यांसमोर मुकादमीण, तिची मिटलेली पापणी, माझी मांडी. पुन्हा खिडकीशी जाऊन, एरवी मी कधी चढवत नाही असा आवाज चढवून, झालेला प्रकार सांगितला. खिडकीतल्या गृहस्थांनी या वेळी मान वर केली, माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "आपल्या भावना लक्षात घेण्यात आल्या आहेत. याबाबत यथोचित कार्यवाही करण्यात येईल."

ते माझं वाक्य होतं. अगदी तसंच्या तसं, त्याच संथ लयीत. माझ्या टेबलासमोर उभं राहून ज्यांनी ते ऐकलं आणि ज्यांच्या नळाला नंतरही पाणी आलं नाही, त्यांना काय वाटत असेल, हे त्या खिडकीशी मला जसं कळलं तसं कुठल्याही प्रवचनाने कळलं नसतं. कानशिलं तापली. मी तिथेच बाकावर बसून राहिलो.

त्या बाकावर डॉक्टरीणबाईंनी मला बघितलं. उंच, सडसडीत, बाह्या वर केलेल्या, हाताला औषधाचा पिवळा डाग. "तुम्हाला चक्कर येतेय का?" त्यांनी विचारलं. "माणसांचा दवाखाना समोर आहे." मी सगळं सांगितलं. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं आणि मी प्यायल्यावर विचारलं, "शेळी केवढी आहे?"

"चांगली मोठी. दुभती आहे."

"मग उशीर केलात. पिल्लू जन्मलं की पहिले थोडे दिवस शिंगाचा नुसता कोंब असतो. भूल द्यायची, तापलेल्या लोखंडाने तो कोंब जाळायचा, की शिंग उगवतच नाही. मोठ्या शेळीचं काम वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

कीर्तनात बुवा गोष्ट ऐन रंगात आणतात आणि तिथेच थांबून पदाला हात घालतात, आपण इकडे कासावीस. बाईंनी नेमकं तिथेच टेबलाचा खण उघडला आणि किल्ल्या शोधू लागल्या. किल्ल्या सापडल्यावर म्हणाल्या, "शिंग म्हणजे नख नव्हे. आत हाड असतं, त्या हाडात रक्त असतं, आणि बुडाशी ते पोकळ असतं. ती पोकळी थेट कवटीच्या पोकळीत उघडते. मुळापासून कापलं की कपाळाला दोन भोकं राहतात. शेळी श्वास घेते तशी त्यातून हवा आत-बाहेर होताना दिसते. कित्येक आठवडे पट्ट्या बांधायच्या, माश्या बसू द्यायच्या नाहीत. दूध तुटतं. काही शेळ्या त्या धक्क्यानेच जातात."

मी कपाळाला हात लावला. माझं कपाळ शाबूत होतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला मुळापासून काढायला?"

"मीच," मी म्हणालो.

घरी हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि घरात पाऊल टाकताच सगळं सांगून टाकलं. बायको डोक्याला हात लावून बसली. आई उठली, मागच्या अंगणात गेली आणि दगडावर उभ्या असलेल्या मुकादमिणीच्या दोन शिंगांच्या मधे हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी धार निघाली ती मुक्यानेच. दूध भांड्यात पडतानाचा आवाज तेवढा येत होता. मला तो ऐकवेना.

मी तसाच अध्यक्षांकडे गेलो. ते दाढी करत होते. मी म्हणालो, "साहेब, ते समूळ जरा जास्त झालं. टोकं कापली तर? डॉक्टरीणबाई म्हणतात, टोकात जीव नसतो, कापून दुखत नाही, पण शिंगं टोचायची बंद होतात."

त्यांनी अर्धी दाढी झालेला चेहरा माझ्याकडे वळवला. "मी फक्त शिंगं म्हणालो होतो. समूळ कोण म्हणालं?"

"मी."

"मुळापासून का, असं विचारल्यावर, मुळापासूनच, असं हात पसरून कोण म्हणालं?"

"मीच, पण ते आपलं… बोलायची पद्धत असते."

"हेच!" ते गरजले, आणि फेस उडाला. "आयुष्यभर मला लोकांनी बोलायच्या पद्धती दिल्या. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी मला दिलेला शब्द पाळलेला बघायचाय मला. बैठकीच्या दिवशी मी स्वतः येणार. समक्ष बघणार. शिंगं दिसता कामा नयेत. दिसली तर शेळी त्याच दिवशी जाईल."

मी परत आलो. काय सांगू, त्यांचं चुकतंय असंही मला म्हणवेना.

पुन्हा दवाखाना गाठला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी येते. टोकं कापेन. त्यापुढे मी हात लावणार नाही, तुमचे अध्यक्ष आले काय आणि आणखी कुणी आले काय." त्यामुळे बैठकीच्या दिवशी मुकादमिणीचं काय होणार ते तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आईने पहाटेच तिच्या अंगावरून ओला हात फिरवला. बायकोने तिच्या आवडत्या कोवळ्या पाल्याची एक पेंडी एका पिशवीत भरून दाराशी ठेवली. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "जायची वेळ आली तर वाटेत खाईल," आणि झटकन आत गेली. ही तीच, जी अर्धा चेंडू माझ्यापुढे नाचवत होती.

अंगणात माणसं जमली. कुणाला कामं नसतात असं नाही, पण शेळीची शिंगं कापतात ते बघायला सगळ्यांना सवड होते. काकूंनी स्वतःची खुर्ची आणली होती. सचिव वही घेऊन आले. अध्यक्ष आले, नव्या पॅन्टमध्ये, भिंतीकडे पाठ करून उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून एक तार काढली. बारीक दाते असलेली, दोन टोकांना मुठी. "एकाने अंग धरा," त्या म्हणाल्या. मी धरलं. "आता डोकं धरायला कुणीतरी जोरकस हवं. शिंगं बुडाशी पकडायची, हलू द्यायची नाहीत." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती नजर भिंतीशी जाऊन थांबली. "तुम्ही धडधाकट दिसता. या."

"मी?" अध्यक्ष म्हणाले. "मी अध्यक्ष आहे."

"मग घट्ट धराल. या लवकर, ऊन वाढतंय."

त्या बाईंच्या आवाजापुढे बैलही मान खाली घालत असावेत. अध्यक्ष आले. बाह्या सरसावल्या. मुकादमिणीने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी तिच्याकडे. दोघांनाही काहीतरी आठवलं असावं. मग त्यांनी दोन्ही हातांनी शिंगं बुडाशी पकडली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अहो," ते म्हणाले. "ही गरम आहेत."

"असणारच," बाई तार लावत म्हणाल्या.

"नाही, पण… चांगलीच गरम. ताप आहे का तिला?"

"ताप कशाला? आतून रक्त फिरतंय. टोकाला नाही, पण तुमचा हात आहे तिथे फिरतंय."

"मला वाटलं, लाकडासारखं काहीतरी असेल," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि समूळ काढायची म्हटलं असतं, तर कुठून?"

"तुमच्या करंगळीखालून," बाई म्हणाल्या, आणि मला सांगितलं होतं ते सगळं, कपाळाची भोकं, त्यातून दिसणारा श्वास, पट्ट्या, माश्या, सगळं त्यांनी अध्यक्षांना सांगितलं. आवाज जराही न बदलता. अध्यक्षांचा रंग पार उडाला. त्यांचा अंगठा मुकादमिणीच्या कपाळावर होता. तो त्यांनी तिथून काढला नाही, पण अगदी अलगद केला.

"हे लिहून घेऊ?" सचिवांनी विचारलं.

"गप्प बसा हो!" अध्यक्ष म्हणाले.

तार सुरू झाली. खर्रर, खर्रर. शिंगातून धूर निघू लागला आणि केस जळाल्यासारखा वास अंगणभर पसरला. काकू खुर्चीसकट मागे सरकल्या. मुकादमीण थरथरू लागली. दुखत नव्हतं तिला, बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, पण डोक्याजवळ असला आवाज कुणाला सोसेल? तिने एक हिसका दिला, माझी पकड सुटता सुटता राहिली.

"हिला ओळखीचा आवाज ऐकू द्या कुणाचा तरी!" बाई ओरडल्या. "बोला काहीतरी!"

मला एकही वाक्य आठवेना. तिला काय आश्वासन देणार होतो मी?

आणि आई गायला लागली. दाराच्या चौकटीला धरून, थकलेल्या, थोड्या फाटलेल्या आवाजात, रोज धारेला म्हणायची तेच भजन. मुकादमिणीचे कान तिकडे वळले. पहिली ओळ आईने म्हटली, दम लागून थांबली, तर दुसरी मी उचलली. शेळीच्या पाठीवर आडवा पडून मी याआधी कधी गायलो नव्हतो. स्वर चांगला लागला. बायकोने साथ धरली. काकू टाळ्या वाजवू लागल्या, त्या एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. तारही आपोआप लयीत चालू लागली. आणि धृपदाला माझ्या डोक्यावरून एक जाड, बेसूर, नाकातला आवाज आला. मी मान वर केली. अध्यक्ष डोळे मिटून गात होते. गालांवरून घाम ओघळत होता. घामच असावा.

पहिलं टोक पडलं. मग दुसरं. करंगळीच्या पेरापेक्षा मोठी नव्हती ती दोन्ही. रक्ताचा एक थेंब नाही. बाईंनी कडा घासून गोल केल्या, शिंगांवर बोट फिरवून बघितलं, आणि म्हणाल्या, "झालं. सोडा."

अध्यक्षांनी सोडलं नाही. बाईंना पुन्हा सांगावं लागलं.

भजन थांबलं. मुकादमीण डोकं झटकून उभी राहिली, आणि तिच्या डोक्यावर, बोथट का होईना, पण चांगली लांबलचक, काळी, तुकतुकीत, दोन शिंगं होती. ती झाकायला काही उपाय नव्हता. माझी नजर दाराशी ठेवलेल्या पाल्याच्या पिशवीवर गेली. आईने चौकट आणखी घट्ट धरली.

सचिव घसा खाकरून पुढे आले. "ठरावात समूळ निवारण असं आहे. अध्यक्षांनी समक्ष खात्री करायची असंही आपण मागाहून लिहायला लावलंत. पण साहेब, शिंगं तर आहेतच."

"कुठे?" अध्यक्ष म्हणाले.

सचिवांना वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी पेन्सिलने दाखवलं. "ही काय. समोर. दोन."

अध्यक्षांनी खिशातून चष्मा काढला. पुसला. डोळ्यांवर चढवला. मुकादमिणीच्या डोक्याकडे बराच वेळ, अगदी गंभीरपणे, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने बघितलं.

"मला शिंगं दिसत नाहीत," ते म्हणाले.

"साहेब!"

"सचिव, अध्यक्ष कोण आहे?"

"आपण."

"खात्री कुणी करायची?"

"आपण."

"मग लिहा. समक्ष पाहणी केली. शिंगं आढळली नाहीत."

सचिवांनी माझ्याकडे बघितलं, शेळीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि लिहिलं. माझ्या तोंडून आभाराचा शब्द फुटेना. ज्या माणसाचा धंदाच बोलायचा, त्याच्या तोंडून एक साधा शब्द फुटेना. अध्यक्ष वळले, झब्ब्याला हात पुसले, आणि सगळ्यांना उद्देशून भारदस्त आवाजात म्हणाले, "तर मंडळी, हा विषय आता कायमचा…"

ते आमच्याकडे तोंड करून उभे होते. त्यामुळे त्यांच्या मागे काय चाललंय ते आम्हाला दिसत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. मुकादमीण दोन पावलं मागे गेली. मी ओरडायला तोंड उघडलं. तिने मान वाकवली आणि आली ती थेट.

धप्प!

अध्यक्ष दोन पावलं पुढे आले, काकूंच्या खुर्चीला धरून सावरले, आणि सरळ उभे राहिले. सचिवांची पेन्सिल वहीवर टेकलेली होती. अध्यक्षांनी मागे वळूनही बघितलं नाही. नव्या पॅन्टवरून मागच्या बाजूने एकदा हात फिरवला, नीट, सावकाश, आणि म्हणाले,

"लिहा. मला काहीही लागलेलं नाही."